भोंग्याचं तेरावं स्तोत्र

आमच्या भाऊजींचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना भोंगा म्हणत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणं हे त्यांचं काम. पालथ्या क्रेटवर उभं राहून त्यांनी "एक वार!" म्हटलं की पार दुसऱ्या टोकाच्या गाळ्यातला माणूस हातातला चहा खाली ठेवायचा. बोली चालू असताना कुणी मध्येच तोंड घातलं तर भाऊजींचा उघडा तळहात वर जायचा, आणि भलेभले व्यापारी शाळेतल्या पोरांसारखे गप्प व्हायचे. "तीन वार" म्हणताना तोच तळहात मिटला की माल विकला गेला. मग देवाचा बाप आला तरी सौदा फिरायचा नाही.

मी त्यांच्याच घरात राहते. माझे यजमान गेले तेव्हा ताईने मला हाताला धरून आणलं आणि पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन मांडून दिलं. भाऊजी मला 'सुई' म्हणतात. मी शिवणकाम करते म्हणून नव्हे, माझ्या जिभेमुळे. असू दे. बोथट सुईने कुणाचं कापड शिवलं गेलंय?

रविवारी हाच भोंगा चर्चमध्ये वाजायचा. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या सुरुवातीला एक स्तोत्र आळीपाळीने वाचतात. पुढे उभा राहणारा वाचक प्रत्येक वचनाचा पहिला भाग म्हणतो, मंडळी दुसरा भाग म्हणते. शेवटचं वचन मात्र सगळे मिळून, आणि ते वाचकाच्या चालीने. तो हळू तर सगळे हळू, तो जोरात तर सगळे जोरात. भाऊजी वर्षानुवर्षं आमचे वाचक होते आणि त्यांची चाल लिलावाची होती. मेंढरं असोत, डोंगर असोत, शत्रूंचा नायनाट असो, सगळं ते एकाच दमात विकून टाकत. शेवटच्या वचनाला मंडळी अजून मध्यावर धापा टाकत असायची आणि भाऊजी आमेनला पोचून चष्मा पुसत असायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊजी, देव काही दुसऱ्या गाळ्यावर जात नाही, जरा दमाने घ्या." त्यावर ते म्हणाले, "सुई, मागच्या बाकापर्यंत पोचलं की नाही ते सांग."

पोचायचं. त्याबद्दल वादच नव्हता. त्यांचा सगळा अभिमान त्या एका गोष्टीत होता.

मग घसा बसला. बाजारात घसा बसणं म्हणजे काही आजार नव्हे, म्हणून त्यांनी गुळण्या केल्या, काढे प्यायले, आणि दुखणं अंगावर काढलं. ताईने भांडून, रडून, शेवटी जेवायला वाढणार नाही अशी धमकी देऊन त्यांना दवाखान्यात नेलं तोवर गाठ चांगलीच वाढली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. यापुढे श्वास नाकातोंडाने नाही, मानेच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून घ्यायचा. आणि आवाज? डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

जीव वाचला. त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानले, निदान ताईने आणि मी तरी. भाऊजींनी काय मानलं ते कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या मानेवर बांधायला दुहेरी मलमलीचे रुमाल शिवले, वर नाडी, खाली हलकी झूल, म्हणजे धूळ आत जाऊ नये आणि श्वासही अडू नये. शर्टाच्या रंगाला शोभतील असे वेगवेगळे शिवले. त्यांनी सगळे पांढरेच वापरले.

बोलायला त्यांना एक पाटी दिली होती, मुलांची असते तशी, पुसून पुन्हा लिहायची. दवाखान्यातून गळ्याला लावायचं एक यंत्रही मिळालं होतं. ते लावून ओठ हलवले की गुणगुणल्यासारखा आवाज निघे. भाऊजींनी ते एकदा लावलं, "अगं" म्हणून बघितलं, आणि ताई दचकून स्वयंपाकघरात मिक्सर बंद करायला गेली. यंत्र कपाटात गेलं ते तिथेच राहिलं.

बाजारातल्या मालकाने माणुसकी दाखवली आणि त्यांना काट्यावर बसवलं, वजनं बघायला. तिथून त्यांना नव्या माणसाचं पुकारणं ऐकावं लागे. चर्चमध्ये ते सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ बसू लागले. वाचकाच्या जागी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. माणूस सोन्यासारखा, पण वाचतो असा की शेजारी उभ्या असलेल्या मेणबत्तीलाही ऐकू येऊ नये. मी त्यांना 'पुटपुटे' म्हणू लागले आणि बघता बघता सगळेच म्हणू लागले. त्यांना स्वतःला ते काम नकोसं होतं, पण दुसरं कोण करणार?

भाऊजींना काय हवंय हे मला माहीत होतं. ताईला माहीत होतं. त्यांना ती पुढची जागा परत हवी होती. पण आवाज नसलेल्या वाचकाने करायचं काय? म्हणून ते कुणी कधी पाटीवर लिहिलं नाही आणि बोललंही नाही.

आमचे पाळक तरुण आहेत, नुकतेच आले होते. मनाचे इतके चांगले, की कधीकधी राग यावा. त्यांनी एका रविवारी भाऊजींना धीर द्यायचं मनावर घेतलं आणि 'शांततेतली भक्ती' या विषयावर उपदेश केला. देव कसा आवाजात नसतो, शांततेत असतो. न बोलता केलेली प्रार्थना कशी सगळ्यात उंच जाते. कधीकधी देव आपला आवाज काढून घेतो, तो आपल्याला ऐकता यावं म्हणून. असं म्हणताना त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मग सगळ्या मंडळीने वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. आणि पुन्हा पाळकांनी पाहिलं. लग्नात नवरीकडे बघावं तसं सगळं चर्च आमच्या भाऊजींकडे बघत होतं, डोळ्यांत पाणी आणून.

भाऊजी उठले आणि दार उघडून बाहेर गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उपासना संपल्यावर मी पाळकांना दारातच गाठलं. ताई माझा पदर ओढत होती, पण मी ओढल्या जाणाऱ्यांतली नाही.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "तुम्हाला एवढी शांतता आवडते तर पुढच्या रविवारी तुम्हीच गप्प बसून दाखवा. गावभर ओरडून सांगताय की गप्प बसण्यात मोठी मजा आहे!"

त्यांचा चेहरा पडला. "मावशी, मला त्यांना धीर द्यायचा होता."

"त्यांना काय हवंय हे त्यांना विचारलंत?"

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "विचारायला येऊ?"

हे मात्र मला आवडलं. खडे बोल ऐकून घेऊन घरी यायचं म्हणणारा माणूस रोज भेटत नाही.

ते आले. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. पाळक समोरच्या स्टुलावर बसले आणि सरळ म्हणाले, "काका, माझं चुकलं. तुम्हाला काय हवंय ते सांगा. मी ऐकतो."

भाऊजींनी पाटी घेतली आणि काहीतरी लिहून ती त्यांच्यापुढे धरली. मी मशीनवरून मान लांब करून वाचलं. लिहिलं होतं: "देवाशी कडाक्याचं भांडायचंय. चर्चमध्ये त्याची सोय आहे का?"

ताईने कपाळावर हात मारला. पाळकांनी पाटी दोनदा वाचली. मला वाटलं, आता हे गृहस्थ देवाच्या इच्छेपुढे मान तुकवण्यावर काहीतरी सांगणार आणि मला पुन्हा तोंड उघडावं लागणार. पण ते हसले. खुदकन नाही, चांगले मोकळे हसले.

"सोय?" ते म्हणाले. "काका, स्तोत्रांचं जवळजवळ निम्मं पुस्तक त्याच कामासाठी आहे. तुम्ही तर ते इतकी वर्षं वाचताय!"

भाऊजींनी खांदे उडवले. पाळकांनी खिशातलं पुस्तक काढलं आणि तेरावं स्तोत्र वाचायला घेतलं. अगदी सहा वचनांचं. ते पुटपुटल्यासारखं वाचत नव्हते आणि विकल्यासारखंही नाही. शेजाऱ्याच्या दारावर उभं राहून जाब विचारावा तसं वाचत होते. कुठवर, देवा? मला विसरूनच गेलास का? तोंड फिरवून बसलास, ते कुठवर? मी एकट्याने मनात किती दिवस कुढायचं? माझ्या वैऱ्यांनी माझ्या पडण्याची मजा बघायची, ती कुठवर?

भाऊजींनी हात पुढे करून पुस्तक मागून घेतलं. स्वतः वाचलं. ओठ हलत होते. मग पाटीवर लिहिलं: "हे मी कितीदा वाचलंय. कधी ऐकलंच नाही."

आणि मग त्यांना रडू आलं. आवाज नसलेलं रडणं बघायला फार कठीण असतं. ताईने जाऊन त्यांचं डोकं पोटाशी धरलं, पाळकांनी मान खाली घातली आणि मी मशीनचं चाक उगाचच फिरवत बसले.

पुढच्या रविवारी पाळकांनी त्याच स्तोत्रावर उपदेश केला. सुरुवातीलाच म्हणाले, "मागच्या रविवारी मी इथून दुःखी माणसाला गप्प बसायला सांगितलं. ते शब्द मी मागे घेतो." मंडळीत कुजबूज झाली. आमच्या इथे व्यासपीठावरचे शब्द कुणी मागे घेतलेले कुणाला आठवत नव्हते. मग ते म्हणाले, "हे स्तोत्र लिहिणारा देवाशी भांडतो, पण पाठ फिरवून भांडत नाही. तोंडावर भांडतो. ज्याच्यावरचा आपला विश्वास उडालाय त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही. आपण सरळ दुकान बदलतो. हा माणूस दुकान बदलत नाही. त्याच दारावर धडका मारतो. आणि देवाने ही तक्रार पुस्तकातून खोडून टाकली नाही. उलट सांगितलं, हे सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा." या वेळी त्यांनी मागच्या बाकाकडे एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. भाऊजी ताठ बसले होते, आणि बोलीला आलेला माल पारखतात तसे डोळे बारीक करून ऐकत होते.

सोमवारी त्यांनी पाटीवर लिहिलं: "दवाखान्यातल्या त्या बाईंकडे जायचंय."

त्या बाई म्हणजे ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. त्यांची रीत अशी की हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणायची. ती वर येताना घशाचा वरचा भाग थरथरतो, त्या थरथरीतून शब्द घडवायचे. भाऊजींना हे आधीच सांगितलं होतं, पण ताटावर ढेकर दिली म्हणून आयुष्यभर पोरांच्या पाठीत धपाटे घालणारा माणूस तो; चारचौघांत ढेकरा देऊन बोलायचं म्हटल्यावर त्यांनी तेव्हा साफ नकार दिला होता. मी त्या बाईंचं नाव 'ढेकरबाई' ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे, तेच माझं पोट भरतं."

ढेकरबाईंनी सोपे शब्द दिले. प, त, क यांनी सुरू होणारे, कारण ते म्हणताना हवा आपोआप आत ढकलली जाते. पाट, ताट, काठ. भाऊजी दिवसभर हवा गिळत आणि त्यांच्या पोटातून निरनिराळे आवाज निघत, पण शब्द म्हणून निघेना. पाट नाही, ताट नाही. काट्यावर वजनं बघता बघता गिळत, आंघोळ करताना गिळत, पोट फुगून जेवण जात नसे. आठवडे गेले. मला वाटू लागलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं होणार. पण ते थांबले नाहीत. जाब विचारायचाय अशा जिद्दीने ते शिकत होते.

एका संध्याकाळी मी पडद्याला दुमड घालत होते. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, कुकर गॅसवर. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आणि जाडाभरडा, खालच्या पट्टीतला, कधी न ऐकलेला एक आवाज आला.

"कुठवर?"

ताई न वळताच म्हणाली, "दहा मिनिटं. एक शिट्टी राहिलीय."

आणि मग ती वळली. हातातला डाव तसाच. मी मशीन सोडून आत पळाले. भाऊजींनी हवा गिळली, हनुवटी जराशी खाली नेली, आणि पुन्हा म्हणाले, "कुठवर?" पाट नाही, ताट नाही, त्यांच्या पोटातून पहिला शब्द आला तो तेराव्या स्तोत्राचा. शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कुणी गॅस बंद करेना. त्या रात्रीचं जेवण आम्ही चमच्याने खरवडून खाल्लं आणि इतकं चविष्ट जेवण मी उभ्या आयुष्यात जेवले नव्हते.

एकदा बांध फुटल्यावर शब्द येऊ लागले. एका घोटात चारपाच अक्षरं, मग थांबून पुन्हा हवा. स्तोत्रांमध्ये मधूनमधून 'सेला' असा शब्द असतो. त्याचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नाही, पण बहुतेक तिथे थांबायचं असतं, असं पाळक सांगतात. भाऊजी हवा गिळायला थांबले की आम्ही म्हणायचो, "सेला." टेलिफोनवर, भाजी निवडताना, ताईशी भांडतानाही. भांडणात सेला आला की ताई त्याचा फायदा घेऊन आपलं म्हणणं मांडून टाकायची.

मग एक दिवस ते पाळकांना म्हणाले, "तेरावं... मी वाचतो. पुढे... उभा राहून."

पाळक तयार होते. पुटपुटे तर सुटका झाल्याच्या आनंदात जवळजवळ ओरडले. अडली ती ताई.

"घरात वाचा, हवं तितकं वाचा," ती म्हणाली. "पण तिथे लोक हसतील. मला ते बघवणार नाही. ढेकरा देतोय म्हणून एक जरी माणूस हसला ना, तर मी पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही."

"हसू देत," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला चालेल हो. मला नाही चालणार." आणि ती रडत आतल्या खोलीत गेली. भाऊजी दारापर्यंत गेले, आणि परत आले. मला म्हणाले, "ती नसेल... तर नाही." एवढंच. म्हणजे सगळं तिच्यावर येऊन ठेपलं. आधी डॉक्टरांवर होतं, मग देवावर, आता माझ्या बहिणीवर. मी तिला काही बोलले नाही. काही वेळा सुईलाही डबीत राहावं लागतं.

रविवारी सकाळी उठले तर ताई भाऊजींच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. मानेचा रुमालही तिने इस्त्री केला, दोन्ही बाजूंनी. "दुसऱ्या बाकावर बसू," मला म्हणाली. "पहिल्यावर नको, अगदीच समोर होतं ते."

चर्च भरलं होतं. बातमी फुटली होती, बाजारातलेही काही जण मागे येऊन बसले होते. भाऊजी पुढे गेले. पाळकांनी माइक जरा बाजूला वळवून ठेवला होता, मानेतल्या श्वासाचा फुसकारा त्यात जाऊ नये म्हणून. भाऊजींनी पुस्तक उघडलं, हवा गिळली.

"कुठवर, देवा..."

तो आवाज पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, हे माझी त्यांच्याकडे पाठ असूनही मला कळलं. कुणी हसलं नाही. मग त्यांनी पुढच्या शब्दांसाठी हवा गिळायला सुरुवात केली, आणि शांतता झाली.

तेवढ्यात आमच्या मंडळीने घोळ घातला. चांगली माणसं हो, आतून गहिवरलेली. त्यांना ती शांतता सोसवेना. पुढच्या बाकावरच्या एका बाईने कळवळून भाऊजींच्या वाटचे शब्द स्वतःच म्हणायला सुरुवात केली. तिच्या मागून तिची मुलगी. मग इकडचा बाक, तिकडचा बाक, आणि उतारावर गाडी सुटावी तशी सगळी मंडळी त्यांचा भाग मोठ्याने वाचू लागली. भाऊजींचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. एवढे महिने गिळलेली हवा त्या मायेच्या गदारोळात वाहून चालली होती. त्यांचा चेहरा लाल झाला. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मला वाटलं, संपलं. आता हे खाली उतरणार, दार उघडणार आणि जाणार.

भाऊजींनी पुस्तकाच्या तिवईवर फाडकन हात मारला. आणि उघडा तळहात वर केला.

मागे बसलेले बाजारातले लोक तत्काळ गप्प झाले. सवयच ती. मग पुढचे झाले, मग सगळे.

भाऊजींनी सावकाश हवा गिळली. माइकवर तो जाडाभरडा आवाज आला. "थांबा." पुन्हा एक घोट. "हा भाग... माझाय." पुन्हा एक. "तुमची पाळी... येईल."

सुई पडली तर ऐकू आली असती, आणि सुई तर दुसऱ्याच बाकावर बसली होती. तेवढ्यात कुणीतरी हसलं. खळखळून, तोंडावर हात न ठेवता हसलं. मी चवताळून वळले, तर ती आमची ताई होती.

तिला आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, कारण तो तिचाच नवरा होता, सोळा आणे तोच, गिऱ्हाइकांना दटावणारा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. तो परत आला होता. तिच्यामागून बाजारवाले हसले, मग तो घोळ सुरू करणाऱ्या बाई हसल्या, मग सगळं चर्च. वर भाऊजीही हसत होते. आता त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. ते गदागदा हलत होते.

मग वाचन झालं. त्यांनी सगळं पहिल्यापासून घेतलं. "कुठवर, देवा... विसरशील... मला?" आणि मग, बोट दाखवल्यावर, मंडळीने आपला भाग म्हटला. पुन्हा ते, पुन्हा मंडळी. घोट घ्यायला ते थांबले की सगळं चर्च थांबे, आणि त्या थांबण्यात आधीचे शब्द मनात उतरत. डोळ्यांत उजेड दे, नाहीतर मी मरणाच्या झोपेत जाईन, हे त्यांनी तुकड्यातुकड्यांनी म्हटलं तेव्हा मला माझे यजमान आठवले, त्यांच्यानंतरच्या सकाळी आठवल्या, आणि जाब माझाही होता हे कळलं. त्यांच्या मोठ्या आवाजाच्या दिवसांत आम्हाला ऐकायचे कष्टच पडले नव्हते. आता एकेका शब्दासाठी पुढे वाकून बसलो होतो.

शेवटचं वचन आलं. ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, वाचकाच्या चालीने. इतका वेळ भांडणारा तो माणूस शेवटी एकाएकी म्हणतो की मी गाईन, कारण देवाने माझं भलं केलंय. भाऊजींनी हवा गिळली, आणि माझ्या कानांनी ऐकलं, अख्ख्या मंडळीने श्वास घेतला.

"मी गाईन..."

सगळे म्हणाले, "मी गाईन," आणि सगळे थांबले. म्हातारे, बायका, आडदांड हमाल, पुटपुटे, पाळक, झाडून सगळे. धडधाकट गळ्यांची ती माणसं एका गळा गेलेल्या माणसासाठी चार अक्षरांवर थांबली, त्याने घोट घेतल्यावर पुढची चार म्हणाली, आणि पुन्हा थांबली. कुणी अर्धं अक्षरही पुढे गेलं नाही. ज्या मंडळीला भाऊजींनी जन्मभर धापा टाकत मागून पळवलं, ती आज त्यांच्याबरोबर पावलाला पाऊल लावून चालत होती. आमेन सगळ्यांचं एकदम आलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

भाऊजींनी पुन्हा तळहात वर केला आणि मिटला. मागून बाजारवाल्यांतला कुणीतरी न राहवून ओरडला, "तीन वार!"

त्यानंतर पाळकांनी उपदेशही केला, अगदी पूर्ण वेळ. चांगला होता म्हणतात.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर गर्दी झाली. घोळ घालणाऱ्या बाईंनी येऊन माफी मागितली आणि भाऊजींनी त्यांना "पुन्हा... नको" म्हणून दम भरला. ताई त्यांचा रुमाल नीट करायच्या निमित्ताने सारखी त्यांच्या गळ्याला हात लावत होती. पुटपुटे पुस्तक घेऊन आले, आणि नेहमीसारखंच कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारचं स्तोत्र जरा अवघड आहे. सगळ्यात लांबलचक, पानंच्या पानं. हवं तर ते मी..."

"तसं काही नाही," पाळक घाईने म्हणाले, "त्यातला छोटासा तुकडा घेऊ. काकांना त्रास नको."

भाऊजींनी मान हलवली. हवा गिळली. आम्ही सगळे थांबलो. "तुकडा... कशाला? पूर्ण."

"पूर्ण?" पाळकांनी पानं उलटून पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, पण असं कुठवर चालायचं ते?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि खांदे हलवत हसले. मग चांगला मोठा घोट घेतला आणि मध्ये कुठेही न थांबता म्हणाले, "संपेपर्यंत." रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिलं, म्हणजे तिथपर्यंत पोचलं होतं.